धक्क्यावरची बाई चित्रात कुठे आहे?

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र उभे राहते. शिडे उभारलेली गलबते, क्षितिजावर सूर्य, धक्क्यावर मालाचे ढीग आणि एका कोपऱ्यात डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण. हे चित्र आपल्या मनात आपोआप आलेले नाही. दोन हजार वर्षे चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी ते घडवले आहे. त्यांना पैसे देणारे राजे होते, व्यापारी होते, कंपन्या होत्या. साहजिकच बंदराच्या चित्रात काय दाखवायचे आणि काय वगळायचे हे बहुतेक वेळा पैसे देणाऱ्यांनी ठरवले. या चित्रांत बाई जागोजागी आहे. बंदरावर राबणारी बाई मात्र शोधावी लागते. आणि जिचे काम चित्रात दिसत नाही, तिचे काम पुढे कागदावरही धरले जात नाही. या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच.

लोहाऱ्यात काम करणाऱ्या कार्यकर्तीने बंदरांविषयी लिहावे, याचे मैत्रिणींना नवल वाटेल. आमच्या गटांतल्या कित्येक बायकांनी समुद्र पाहिलेला नाही. आमच्याकडे पाण्याचा प्रश्न म्हणजे टँकर कधी येणार हा प्रश्न. पण आमच्याच धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी तेर आहे. आपण त्याला गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतो. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते आणि समुद्रापलीकडच्या लोकांना ते माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या गावातून साधे कापड, तलम कापड असा माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात असे, असे तो सांगतो.

हे कापड विणले कोणी ते तो सांगत नाही. सूत कातले कोणी हे तर विचारायलाच नको. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूतकताईवरच्या अधिकाऱ्याने कोणाकडून काम करून घ्यावे याची यादी दिली आहे. विधवा, अपंग बायका, देवळातली सेवा संपलेल्या देवदासी, म्हाताऱ्या झालेल्या दासी. म्हणजे जिला दुसरा आधार नाही तिच्या हातात चाती. तेव्हा तेरच्या गाडीतून भडोचला जे कापड गेले, त्यातही अशा हातांचे काम असणार हे मानायला हरकत नाही. बंदर समुद्राच्या काठावर सुरू होत नाही. ते आत, दुष्काळी गावांत, बायकांच्या हातांपासून सुरू होते. म्हणून हा विषय आमचाही आहे.

हस्तिदंती बाहुली

तेरला हस्तिदंतात कोरलेली एका स्त्रीची छोटी मूर्ती सापडली. अगदी त्याच धाटणीची मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई येथे उत्खननात मिळाली. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून तिकडे पोचली होती. मराठवाड्यात भोकरदनलाही अशीच एक मूर्ती मिळाली. या साधर्म्यामुळे पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. आपल्याकडे हे सारे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते आणि अभिमान वाटावा असे ते आहेही.

पण थोडे थांबून पाहू. दागिन्यांनी मढलेली, बाकी उघडी अशी ही स्त्री. अशी मूर्ती आरशाची मूठ किंवा मेजाचा पाय म्हणून वापरली जात असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या मातीतल्या बाईची जी प्रतिमा बंदरातून परदेशी गेली, ती एखाद्या श्रीमंत घरातल्या सामानाचा भाग म्हणून गेली. सूत कातणारी गेली नाही, तिचे सूत गेले. शृंगारलेली गेली, तिची मूर्ती झाली. बंदराच्या कलेतली ही विभागणी पुढे शतकानुशतके चालू राहिली.

दासी, राक्षसी, अप्सरा

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका जहाजाचे प्रसिद्ध चित्र आहे. तीन डोलकाठ्या, शिडे आणि जहाजावर ओळीने ठेवलेले रांजण. पाचव्या शतकातले हे चित्र भारतीय नौकानयनाचा पुरावा म्हणून पुस्तकांत छापले जाते. चित्रामागची गोष्ट पूर्णाची आहे आणि पूर्ण हा शूर्पारक बंदराचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. या गोष्टीची सुरुवात मात्र क्वचितच कोणी सांगते. पूर्णाचा बाप श्रीमंत व्यापारी. तो आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी त्याला टाकले. घरातल्या दासीने त्याची सेवा करून त्याला वाचवले. तिच्या पोटी पूर्ण जन्मला. पुढे भावांमध्ये वाटणी झाली तेव्हा दासीपुत्र म्हणून पूर्णाला हिस्सा मिळाला नाही. उलट तोच वाटणीतली एक वस्तू ठरला. जहाज, चंदन, समुद्रातले संकट हे सारे नंतरचे. त्या घराचा कर्ता वाचला तो एका दासीच्या सेवेमुळे. गोष्टीत ती आहे, पण तिला नाव नाही. लेण्यातले जे चित्र प्रसिद्ध झाले ते जहाजाचे.

सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा मोठ्या भिंतीवर रंगवली आहे. जहाज फुटून व्यापारी एका बेटाला लागतात. तिथल्या सुंदर बायका त्यांचे स्वागत करतात, संसार थाटतात. त्या प्रत्यक्षात नरभक्षक राक्षसी असतात. परमुलखात उतरणाऱ्या पुरुषाच्या मनातली भीती आणि लालसा या चित्रात एकाच बाईच्या अंगावर चढवली आहे. आजही बंदराच्या गावातल्या बाईविषयी ज्या शेरेबाजीने बोलले जाते, तिचे मूळ किती जुने आहे ते इथे दिसते.

तिसरे रूप वीरगळांवर आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे शिलाहार काळातले मानले जाणारे वीरगळ आहेत. त्यांवर वल्ही मारणाऱ्या नौकांची लढाई कोरली आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या आरमारी युद्धाचे इतके स्पष्ट शिल्प दुर्मीळच. वीरगळाच्या प्रघाताप्रमाणे खाली लढाई असते आणि वर स्वर्ग. वर बाई आहे ती अप्सरा म्हणून, मेलेल्या वीराला घ्यायला आलेली. ज्यांचे नवरे त्या नौकांवर मेले त्या बायका दगडावर नाहीत.

मग त्या काळच्या बायकांनी स्वतःची काहीच खूण ठेवली नाही का? ठेवली, पण ती चित्रात नाही, अक्षरांत आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून जुन्नरकडे चढणाऱ्या वाटेवर नाणेघाट आहे. तिथे जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण सगळे पाहतात. तिथल्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांत सोपारा, कल्याण इथल्या दात्यांचे लेख आहेत आणि त्यांत भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत. ज्यांच्याकडे दान देण्याइतके काही होते त्यांनी आपले नाव दगडात कोरून घेतले. ज्यांच्याकडे फक्त श्रम होते त्यांना तेही जमले नाही. बायकांमधला हा फरकही आपण विसरू नये.

समुद्रापलीकडची चित्रे

हे केवळ आपल्याकडे झाले असे नाही. युरोपात सतराव्या शतकात क्लोद लोरँ या चित्रकाराने बंदरांची चित्रे काढून मोठे नाव मिळवले. १६४८ सालच्या त्याच्या चित्रात शेबाची राणी जहाजावर चढायला निघाली आहे. भव्य खांब, पाण्यावर पसरलेला सकाळचा प्रकाश. ते बंदर जगात कुठेच नव्हते, ते त्याच्या मनातले होते. अठराव्या शतकात फ्रान्सच्या पंधराव्या लुईने व्हेर्ने या चित्रकाराला १७५३ साली देशातली बंदरे रंगवण्याचे काम दिले. त्याने १५ मोठी चित्रे काढली. त्यांत पिंपे, दोर, हमाल, मासेमारी, फिरायला आलेल्या बायका असे पुष्कळ बारकावे आहेत. बोर्दो आणि ला रोशेल ही त्यांतली दोन बंदरे. या दोन्ही बंदरांतून आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम करून विकण्याचा धंदा चाले. चित्रांत बंदराची भरभराट दिसते, ती कशातून आली ते दिसत नाही.

१७७८ साली लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या कचेरीच्या छतासाठी स्पिरिदिओने रोमा याच्याकडून एक चित्र करून घेतले. उंचावर गोरी ब्रिटानिया बसली आहे. खाली भारत एका सावळ्या स्त्रीच्या रूपात वाकून तिला रत्ने देते आहे. मागे कंपनीचे जहाज आहे. त्याच्या आठच वर्षे आधी, १७७० मध्ये, कंपनीच्या राज्यात बंगालने भयंकर दुष्काळ सोसला होता. लूट दाखवायची नव्हती म्हणून नजराणा दाखवला आणि नजराणा देण्यासाठी बाईचे रूप सोयीचे ठरले. देशाला बाईच्या रूपात उभे करण्याची सवय नंतर आपल्या राष्ट्रवादानेही उचलली. त्यात हाडामासाच्या बाईच्या हाती काय आले, हा प्रश्न आपल्या चळवळीने अनेकदा विचारला आहे.

मुंबई : कोळणीचा ‘नमुना’

मुंबई बंदराची इंग्रजी चित्रे अठराव्या शतकाच्या अखेरीस येऊ लागली. पुण्यात पेशव्यांच्या दरबारात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे चित्र काढणारा जेम्स वेल्स याने १७९१-९२ मध्ये मुंबईची बारा दृश्ये टिपली आणि ती १८०० साली प्रसिद्ध झाली. बेटे, गलबते, स्वच्छ आकाश. माणसे असली तर देखाव्याला माप यावे इतकीच.

विसाव्या शतकात बाई जवळून दिसू लागली, पण वेगळ्या तऱ्हेने. आपले कोल्हापूरचे थोर चित्रकार म. वि. धुरंधर यांनी ऑटो रोथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या १९२० सालच्या पुस्तकासाठी चित्रे काढली. मुंबईची कोळीणही त्यांत आहे. धुरंधरांचा हात सुंदर आहे आणि बाईकडे पाहण्यात आपुलकीही आहे. पण पुस्तकाची मांडणी नमुन्यांची आहे. बहुतेक चित्रांखाली बाईचे नाव येत नाही. तिची जात, प्रांत किंवा धंदा येतो. तिथून पुढे कोळीण म्हणजे एक वेश झाला. चित्रपटातली गाणी, शाळेच्या स्नेहसंमेलनातला कोळीनाच, पर्यटनाच्या जाहिराती यांतून तो सगळीकडे पोचला. नऊवारी, दागिने, टोपली, ठसका. आमच्या लोहाऱ्याच्या शाळेतली मुलगीही कोळीण होऊन नाचते. ती ज्या बाईची नक्कल करते ती बाई पहाटे किती वाजता उठते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

कुलाब्याचा ससून डॉक १८७५ साली बांधून झाला, कापसाच्या व्यापाराच्या भरभराटीत. आज ते मासळीचे बंदर आहे. तिथे पहाटे होड्या लागल्या की लिलाव सुरू होतो. बोली लावणाऱ्या, पाट्या उचलणाऱ्या, बर्फ फोडणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या बायका असतात. बायका रांगेने बसून कोळंबी सोलतात. बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास हात, मजुरी सोललेल्या मालावर. त्यांत पिढीजात कोळणी आहेत तशा पोटासाठी दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्याही आहेत. जगातल्या बंदरांच्या चित्रांत जे काम जवळजवळ सापडत नाही ते हे काम.

२०१७ साली याच ससून डॉकमध्ये एका कलाप्रकल्पाने भिंती रंगवल्या, जुन्या गोदामांत कलाकृती मांडल्या आणि कोळी समाजातल्या माणसांची भलीमोठी छायाचित्रे लावली. एरवी जिच्या वासाने लोक नाक दाबतात त्या बाईचा चेहरा भिंतीएवढा झाला, याचे मला मोल वाटते. शहरातली माणसे रांगा लावून आली. पण आपण पुढचा प्रश्न विचारायला हवा. चेहरा भिंतीवर गेल्यावर तिच्या मजुरीचा दर, बसायला सावली, स्वच्छतागृह, आजारपणातली सुटी यांविषयी किती जणांनी विचारले? चेहरा दाखवणे ही सुरुवात झाली. कामाचे मोल व्हायचे ते राहिलेच.

माणूसच नसलेले चित्र

आता बंदराचे नवे चित्र आले आहे. ते संगणकावर काढलेले असते. निळे पाणी, सरळ रेषेत भराव, रंगीत डब्यांसारखे कंटेनर, उंच क्रेन. माणूस नाही. पुरुषही नाही आणि बाईही नाही. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळच्या वाढवण बंदराला १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आणि त्यात बायका पुढे होत्या. असे बंदर व्हावे की नाही हा मोठा प्रश्न आहे. पण ज्या चित्रात समुद्र रिकामाच दाखवला आहे, त्या चित्रात कोणाचेच काही बुडत नाही. बुडायला तिथे कोणी नाहीच.

याचा परिणाम कागदावर होतो. भरपाईची यादी होडीच्या परवान्यावरून आणि सोसायटीच्या सभासदत्वावरून केली, तर होडी बहुधा पुरुषाच्या नावावर असते. मासळी विकणारी, सोलणारी, सुकवणारी बाई या यादीत येतच नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि माणसांना हनुमान कोळीवाड्यात वसवले. तिथल्या घरांना वाळवी लागली आणि पुन्हा पुनर्वसनाची मागणी करत लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. वाळवी लागलेल्या घरात दिवसभर कोण वावरते, हे मैत्रिणींना सांगायला नको.

चित्राने काय होते?

काही मैत्रिणी म्हणतील, मजुरीचा आणि जमिनीचा लढा सोडून चित्रांच्या मागे कशाला लागायचे? त्यांना मी एका चित्राची आठवण देईन. १७८८ साली इंग्लंडमध्ये प्लिमथ या बंदराच्या गावात गुलामगिरीविरोधी गटाने ‘ब्रुक्स’ नावाच्या जहाजाचा आराखडा छापला. साधा नकाशा, पण त्यात शेकडो माणसे आडवी, एकमेकांना चिकटून कशी कोंबली जातात ते काढले होते. बायकांची जागा वेगळी दाखवली होती. हे चित्र पुढे हजारो प्रतींनी घराघरात गेले. जी गोष्ट बंदराच्या देखण्या चित्रांनी झाकली होती ती या एका कागदाने उघडी केली. १७९१ नंतर गुलामांच्या श्रमाची साखर न खाण्याची मोहीम तिकडे पसरली, तिच्यात घर चालवणाऱ्या बायकांचा वाटा मोठा होता. ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करायला १८०७ साल उजाडले. चित्राने एकट्याने काही घडत नाही. पण चळवळीच्या हाती आलेले चित्र आणि राजाच्या दिवाणखान्यातले चित्र यांत फरक असतो.

आम्ही हे आमच्या भागात अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्या सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. त्या भूकंपाची जी छायाचित्रे जगभर गेली त्यांत आमची बाई आहे ती ढिगाऱ्यापुढे रडणारी. ते दुःख खरेच होते. पण त्यानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकांनी संवाद सहायक म्हणून काम केले. घराला मजबुती कशी द्यायची हे त्या शिकल्या, लोकांना समजावून सांगितले, कामावर लक्ष ठेवले. त्या बाईचे चित्र कोणाच्या डोळ्यांसमोर येते? रडणाऱ्या बाईला मदत मिळते. बांधणाऱ्या बाईला अधिकार द्यावा लागतो. म्हणून पहिलीचे चित्र जास्त छापले जाते.

गटाच्या बैठकीत आम्ही बायकांना जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायला सांगतो. पुरुषांच्या नकाशात रस्ता, चावडी, देऊळ, शाळा आधी येतात. बायकांच्या नकाशात पाण्याची जागा येते, सरपणाची वाट येते, संध्याकाळनंतर जिथून जायला भीती वाटते ती बोळ येते. गाव एकच असते. ग्रामसभेत बायकांचा नकाशा कागदावर उतरवून नेला की चर्चेचा विषय बदलतो.

माझी सूचना साधी आहे. आपापल्या भागातल्या संघटनांनी आपल्या कामाची चित्रे आपणच करावीत. किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनी धक्क्याचा नकाशा काढावा, लिलाव कुठे होतो, सोलायला कुठे बसतात, पाणी आणि संडास किती लांब आहे, सुकवायची जागा किती आक्रसली, प्रत्येक कामाला कोणाचे हात लागतात. त्याखाली जात किंवा ‘कोळीण’ एवढेच न लिहिता, बाईची संमती असेल तिथे तिचे नाव आणि तिचे काम लिहावे. जनसुनावणीत प्रकल्पाचे चित्र भिंतीवर लागते तेव्हा त्याच्या शेजारी हे चित्र लावण्याचा आग्रह धरावा. आम्ही आतल्या भागातल्या बायका आमच्या कापसाचा, सोयाबीनचा, उसाचा नकाशा काढू, आमच्या शेतापासून बंदरापर्यंतचा. तेरहून निघालेल्या गाड्यांत कोणाचे सूत होते ते आज सांगता येत नाही. आजच्या गाड्यांत कोणाचे श्रम भरले आहेत हे सांगणे आपल्या हातात आहे.

पुढच्या वेळी महिला दिनाच्या दिनदर्शिकेवर कोणते चित्र घ्यायचे याची चर्चा निघेल, तेव्हा टोपली घेतलेली हसरी बाई निवडण्याआधी एकमेकींना विचारावे, तिच्या टोपलीत काय आहे, ते कोणाच्या मालकीचे आहे आणि तिला त्याचे किती मिळतात?